फिजीची चौकट अख्ख्या पृथ्वीला विळखा घालतेय! पॉलिगॉनचा बाउंडिंग बॉक्स नेमका काढायचा कसा?

चौकटबाह्य · सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून इथे येतेय.

आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्यावर नकाशांची कामं करणारं पोस्टजीआयएस आहे. एका टेबलात देशांच्या हद्दी आणि समुद्रातले हवामान-इशाऱ्यांचे पट्टे पॉलिगॉन (बिंदू जोडून केलेले बंद आकार) म्हणून ठेवलेत. प्रत्येक रोसाठी मला बाउंडिंग बॉक्सचे, म्हणजे आकार जेमतेम मावेल अशा चौकटीचे, चार आकडे हवेत : पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. यादीतून नाव निवडलं की नकाशा त्या चौकटीवर जाऊन थांबला पाहिजे, एवढंच काम. मी चौकट काढणारं एसटी_एन्व्हलप फंक्शन लावलं, चार कॉलम भरले आणि निवांत झोपले.

आज क्लायंटकडच्या बाईंनी फिजी निवडलं. नकाशा मागे मागे जात अख्खं जग दाखवून थांबला. टेबलात हे सापडलं (दशांश गोल केलेत) :

पश्चिम −१८०, दक्षिण −२१, पूर्व १८०, उत्तर −१२.५

फिजीचं क्षेत्रफळ १८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्याहून थोडंसं जास्त. आणि चौकट मात्र पृथ्वीभोवती पट्टा बांधल्यासारखी. रशिया, अमेरिका यांचंही तेच. पॉलिगॉन तपासले, आकाराची रचना बघणारं एसटी_इजव्हॅलिड सगळ्यांना 'बरोबर' म्हणतंय. मग चुकतंय कुठे?

---

मधली_सुट्टी · सोमवार, रात्री ११:५८

फिजीवाले म्हणत असतील, आम्हीच जग. :)

वाचतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

पोस्टग्रेसी_पंत · मंगळवार, सकाळी ७:१५

चुकत काहीच नाहीये, हीच तर गंमत आहे. जॉमेट्री प्रकारच्या कॉलमवर एसटी_एन्व्हलप म्हणजे सगळ्या बिंदूंमधला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा क्ष, तसाच य. बाकी त्याला काही कळत नाही. त्याच्या लेखी जग हा सपाट कागद आहे, आणि −१८० व १८० ही त्या कागदाची दोन टोकं.

फिजीच्या मधून १८० रेखांश जातो. तावेउनी बेटाचे तर तो चक्क दोन तुकडे करतो. जिओजेसनचं (नकाशाचा डेटा लिहायची एक पद्धत) २०१६ चं मानक (आरएफसी ७९४६) सांगतं, की असा आकार या रेषेवर कापून मल्टिपॉलिगॉन (अनेक तुकड्यांचा एक आकार) करावा. तुमचा डेटा तसाच कापलेला असणार, म्हणून एका तुकड्याची कड १८० ला आणि दुसऱ्याची −१८० ला टेकलीय. किमान-कमाल काढलं की झालं कल्याण.

त्याच मानकात उदाहरणही फिजीचंच आहे : पश्चिम १७७, दक्षिण −२०, पूर्व −१७८, उत्तर −१६. पश्चिमेचा आकडा पूर्वेपेक्षा मोठा दिसला, तर चौकट १८० रेखांश ओलांडतेय असं समजायचं.

तात्पुरता उपाय : एसटी_शिफ्टलॉन्जिट्यूड लावा. ते उणे रेखांशांत ३६० मिळवतं, म्हणजे सगळं ० ते ३६० मध्ये येतं. मग चौकट काढा.

---

चौकटबाह्य · मंगळवार, सकाळी १०:३०

पंत, दंडवत! फिजी १७७ ते १८१.८ आलं, रशियाही सुतासारखा सरळ झाला.

पण आता ब्रिटन बिघडलं. ० पासून जवळजवळ ३६० पर्यंत.

---

पोस्टग्रेसी_पंत · मंगळवार, सकाळी १०:४१

बिघडणारच. एकीकडची शिवण उसवून दुसरीकडे घातली, आता ती ग्रिनिचवर आलीय. दोन्ही प्रकारे रुंदी काढा आणि जी कमी येईल ती घ्या. एसक्यूएलमधल्या एका केस एक्स्प्रेशनचं (अटीनुसार निवड) काम.

---

ऑकलंडकर · मंगळवार, दुपारी १:०५

आमच्याकडे हे रोजचंच. न्यूझीलंडची मुख्य बेटं १६६ पासून १७८.५ पूर्वेपर्यंत, पण चॅटम बेटं १७६ पश्चिमेला. साध्या किमान-कमालने देश साडेतीनशे अंशांहून रुंद निघतो, खरी रुंदी १८ अंशांच्या आसपास. पंतांचा 'दोन्हीतली कमी' हा उपाय इथे चोख चालतो.

पण एकदा फ्रान्स घालून बघा. युरोपातला नव्हे, सगळ्या सागरी प्रदेशांसकट. न्यू कॅलेडोनिया, वॉलिस-फुतुना, पॉलिनेशिया, गयाना, रियुनियन, सगळं. हा आकार शून्यालाही शिवतो आणि १८० च्या दोन्ही बाजूंनाही आहे. म्हणजे पहिली पद्धत चुकते आणि दुसरीही.

---

मधली_सुट्टी · मंगळवार, दुपारी १:५०

चला, आता मलाही बोलायला जागा झाली.

रेखांश ही सरळ पट्टी नाही, गोल पंगत आहे. आकाराचा एकेक तुकडा म्हणजे पंगतीत एकेक कुटुंब; इतक्या रेखांशापासून इतक्यापर्यंत ऐसपैस बसलेलं. चौकट कुठून सुरू करायची हे शोधू नका. पंगतीत सगळ्यांत मोठी रिकामी जागा कुठे आहे ते शोधा. ती वगळली की उरते ती चौकट.

फिजीचं बघा. दोन पट्टे : १७७ ते १८०, आणि −१८० ते −१७८.२. रिकाम्या जागा दोन. एक १८० आणि −१८० च्या मधली, तिची रुंदी शून्य. दुसरी −१७८.२ पासून १७७ पर्यंत, ३५५.२ अंश. ही मोठी टाका, उरले ४.८ अंश. कुठलीही शिवण उसवावी लागली नाही.

फ्रान्सलाही हेच. हिंदी महासागरातल्या बेटांपासून न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिम टोकापर्यंत साधारण ८० अंशांची जागा मोकळी आहे. म्हणजे चौकट २८० च्या आसपास. रुंदच आहे, पण देशच तसा पसरलाय.

एसक्यूएलमध्ये करताना एसटी_डंपने तुकडे सुटे करा, प्रत्येकाचा एक्समिन-एक्समॅक्स (सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा रेखांश) घ्या, एक्समिनने क्रम लावा आणि विंडो फंक्शनने आधीच्या शेवटापासून पुढच्या सुरुवातीपर्यंतची दरी काढा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून ठळक सांगतो : आधीच्या एका रोचा शेवट धरू नका, आतापर्यंतच्या सगळ्यांतला कमाल शेवट धरा. मोठ्या बेटाच्या रेखांशांतच एखादं छोटं बेट येत असेल, तर नुसतं लॅग (फक्त आधीच्या रोचा आकडा देणारं फंक्शन) लावल्यावर नसलेली दरी दिसते. आणि शेवटची दरी विसरायची नाही : पहिल्याची सुरुवात अधिक ३६०, वजा कमाल शेवट.

एक अट : तुकडे १८० रेखांशावर कापलेले हवेत. एखादी कड १७९ वरून थेट −१७९ ला उडी मारत असेल, तर तो तुकडा स्वतःच ३५८ अंश रुंद दिसणार.

---

नवखी_मुशाफिर · मंगळवार, दुपारी ३:२०

बावळट प्रश्न असेल, पण माझ्या चौकटीत एक बिंदू कायम ध्रुवाकडे पळतो. सगळी ठिकाणं पुण्यातली आहेत. उत्तर टोक ७३.८५ येतंय.

---

ऑकलंडकर · मंगळवार, दुपारी ३:३१

एका रोमध्ये अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. पुणे १८.५ उत्तर, ७३.८५ पूर्व. उलटं केलं की पुणे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या थंडगार समुद्रात, बेअर आयलंडपासून साठेक किलोमीटरवर जाऊन पडतं. पोस्टजीआयएसला रेखांश आधी लागतो. मायएसक्यूएल ८ मध्ये ४३२६ या क्रमांकाच्या अक्षांश-रेखांश पद्धतीसाठी अक्षांश आधी असतो. एकीकडून दुसरीकडे डेटा नेला असेल, तर तिथेच घोळ.

हजार बरोबर बिंदूंची चौकट एक चुकीचा बिंदू बिघडवतो. शून्य-शून्य भरलेले रोही बघून घ्या, ते गिनीच्या आखातात पडतात.

---

नवखी_मुशाफिर · मंगळवार, दुपारी ३:५८

तस्संच निघालं! एका सोसायटीचं क्लब हाउस आर्क्टिकमध्ये होतं. धन्यवाद दादा.

---

साखळी_अन्_शंकू · मंगळवार, रात्री ९:१०

मी भूमापनातला निवृत्त माणूस. डेटाबेस मुलाकडून थोडा शिकलो, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

खरेदीखतात आम्ही चतुःसीमा लिहितो. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याची विहीर. चारच ओळी, पण त्या जमिनीला चिकटून असतात. तुमची चौकट तशी नाही. ती जमिनीबाहेरचंही बरंच काही पोटात घेते. तेव्हा ताई, आधी एक सांगा, ही चौकट तुम्हाला नुसती दाखवायला हवी की 'हा माणूस आत आहे का' हे ठरवायला?

---

चौकटबाह्य · मंगळवार, रात्री ९:४४

काका, खरं सांगायचं तर आधी फक्त दाखवायला. पण पुढच्या टप्प्यात त्यावरूनच इशारे पाठवायचा बेत आहे.

---

पापलेट_फ्राय · मंगळवार, रात्री १०:२०

मग काकांचं ऐका. मी यात होरपळलोय.

एका जुन्या कामात आम्ही केंद्रशासित पुद्दुचेरीची चौकट काढली आणि त्यावरून याद्या दाखवायला लागलो. पुद्दुचेरी म्हणजे चार विखुरलेले तुकडे : पुद्दुचेरी आणि कारैकल तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, माहे केरळच्या बाजूला अरबी समुद्राकाठी, आणि यानम पार वर गोदावरीच्या मुखाजवळ. एकूण जमीन पाचशे चौरस किलोमीटरही नाही. चौकट साधारण ७५.५ ते ८२.३ पूर्व आणि १०.८ ते १६.८ उत्तर. गुणाकार केला तर पावणेपाच-पाच लाख चौरस किलोमीटर! देशाच्या नकाशावर ती ठेवली तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चेन्नई आत, तिरुपती आत, बंगळुरूसुद्धा आत. बंगळुरूच्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "मला पुद्दुचेरीचे दर का दिसतायत?"

चौकट शंभर टक्के अचूक होती बरं का. एका दशांशाचीही चूक नव्हती.

तेव्हापासून दाखवायची चौकट वेगळी, शोधायची वेगळी. शोधायला प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र रो. तुकडा फारच मोठा आणि नागमोडी असेल तर एसटी_सबडिव्हाइडने आणखी बारीक करायचा. इंडेक्स त्या बारीक चौकटींवर पटकन चाळणी लावतो, आणि शेवटचा निकाल, दोन आकार खरंच एकमेकांना शिवतात का हे बघणारं, एसटी_इंटरसेक्ट्स देतं.

---

साखळी_अन्_शंकू · मंगळवार, रात्री १०:३८

हेच म्हणत होतो. चाळणीतून पडलेलं सगळंच पीठ नसतं.

---

चौकटबाह्य · बुधवार, सकाळी ११:१२

मधली_सुट्टी यांची पंगत चालवली. फिजी, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चौघेही शिस्तीत बसले. पण समुद्रातल्या इशारा-पट्ट्यांचं नवंच लफडं निघालंय.

हे पट्टे जिऑग्रफी प्रकारात आहेत, प्रत्येकाला जेमतेम चार कोपरे. जिऑग्रफीवर चौकट देणारं एसटी_एक्सटेंट चालत नाही, म्हणून जॉमेट्रीत बदलून चौकट काढली. आता एक जहाज असं सापडलंय, जे पट्ट्याच्या 'आत' आहे असं एसटी_इंटरसेक्ट्स म्हणतं, पण चौकटीच्या बाहेर आहे. आत असून चौकटीबाहेर? माझं टोपणनाव सार्थ झालं म्हणायचं.

---

पोस्टग्रेसी_पंत · बुधवार, दुपारी १२:०२

वा! ज्याची वाट बघत होतो ते आलं.

चौकट बिंदूंवर ठरत नाही, दोन बिंदूंना जोडणारी रेषा कशी जाते त्यावर ठरते. जॉमेट्रीत ती कागदावरची सरळ रेघ. जिऑग्रफीत ती गोलावरचा सगळ्यांत जवळचा मार्ग, आणि तो उत्तर गोलार्धात उत्तरेकडे फुगतो. विमान मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना नकाशावर वर चढलेलं दिसतं, तसंच.

अमेरिका-कॅनडाची ४९ अक्षांशावरची सरळ हद्द घ्या, ९५.१५ ते १२३.३ पश्चिम. समजा फक्त दोन टोकांचे बिंदू ठेवले. दोन्ही ४९ वर आहेत, म्हणून जॉमेट्रीची चौकट म्हणते उत्तर टोक ४९. पण जिऑग्रफीतली कड मध्यावर ४९.८६ पर्यंत चढते. तब्बल ९६ किलोमीटर! हिशेब सोपा : मधल्या अक्षांशाचा टॅन म्हणजे ४९ चा टॅन भागिले निम्म्या रेखांश-फरकाचा कॉस.

तुमचं जहाज त्या फुगवट्यात आहे.

आता घाबरून सगळ्यांनाच हे लावत सुटू नका. पुण्याच्या अक्षांशावर किलोमीटरभराच्या पूर्व-पश्चिम कडेचा फुगवटा साधारण साडेसहा मिलिमीटर. शंभर किलोमीटरच्या कडेचा पासष्टएक मीटर. कड दहापट लांब झाली की फुगवटा शंभरपट. म्हणून गावाच्या, तालुक्याच्या हद्दींना याची पर्वा नाही; चार कोपऱ्यांच्या समुद्री पट्ट्यांना आहे.

उपाय : एसटी_सेगमेंटाइझ जिऑग्रफीवरच चालवा, ते कडेवर मधले बिंदू घालतं, मग जॉमेट्रीत बदला, मग चौकट. ४९ अक्षांशावर ५० किलोमीटरचे तुकडे पाडले तर उरलेली चूक साधारण ५५ मीटर, १० किलोमीटरचे पाडले तर सव्वादोन मीटर.

---

ऑकलंडकर · बुधवार, दुपारी १२:४०

पंत, गणित मान्य, निष्कर्ष अमान्य.

ती हद्द १८१८ च्या करारात आणि पुढे १८४६ मध्ये '४९ वा अक्षांश' म्हणूनच ठरली. अक्षांश म्हणजे अक्षांश, तो फुगत नाही. फुगवटा हा तुमच्या साठवणुकीचा दोष आहे. चौकट त्याप्रमाणे ताणलीत, तर चुकीचा आकार अचूक मोजल्यासारखं होईल.

चौकटबाह्य, तुमच्या पट्ट्यांच्या मूळ मजकुरात काय लिहिलंय? 'अमुक अक्षांशाच्या उत्तरेस, तमुक रेखांशाच्या पूर्वेस' असं असेल, तर जॉमेट्रीची चौकटच खरी, आणि ते जहाज खरोखर बाहेर आहे.

---

पोस्टग्रेसी_पंत · बुधवार, दुपारी १२:५५

मी उदाहरण फुगवटा दाखवायला दिलं होतं, सीमावाद सोडवायला नव्हे. आपल्याकडे तो आहे तेवढा पुरे.

पण मुद्दा बरोबर आहे. मागे घेतो.

---

चौकटबाह्य · बुधवार, दुपारी २:३०

मूळ मजकूर काढला. अक्षरशः '२० उत्तरेपासून २५ उत्तरेपर्यंत' असंच आहे. म्हणजे कडा अक्षांशाबरोबर जाणाऱ्या. अरे देवा. म्हणजे चौकट बरोबर होती आणि एसटी_इंटरसेक्ट्सचं उत्तर चूक?

---

ऑकलंडकर · बुधवार, दुपारी २:४४

एसटी_इंटरसेक्ट्सने दिलेल्या आकाराचं बरोबर उत्तर दिलं. आकारच तुम्हाला हवा तो नव्हता. आता उलटा क्रम लावा : आधी जॉमेट्रीत असताना सेगमेंटाइझ करा, म्हणजे मधले बिंदू अक्षांशावरच पडतील, आणि नंतर जिऑग्रफीत न्या. मग दोघांचं एकमत होईल.

तेच फंक्शन, क्रम बदलला की अर्थ बदलतो. विमानमार्ग किंवा उपग्रहाचा पट्टा असता, तर पंतांचा क्रम बरोबर ठरला असता.

---

पापलेट_फ्राय · बुधवार, दुपारी ४:१०

अवांतर : बिगक्वेरीत (गूगलचा डेटाबेस) जिऑग्रफीसाठी एसटी_बाउंडिंगबॉक्स आहे. ते कडांचा फुगवटा धरतं, आणि १८० रेखांश ओलांडला की पूर्वेचा आकडा १८० च्या पुढे देतं. १७२ पूर्व ते १३० पश्चिम असा आकार दिला तर १७२ ते २३०. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जिऑग्रफीला चौकट मिळतच नाही. एन्व्हलपसेंटर आणि एन्व्हलपअँगल मिळतात, म्हणजे चौकोनाऐवजी गोल टोपी.

---

साखळी_अन्_शंकू · बुधवार, रात्री ८:५५

टोपीची कल्पना ध्रुवाजवळ मला जास्त पटते. सत्तर अक्षांशावर गोलाकार चार बिंदू घेऊन ध्रुवाला वेढा घातला, तर किमान-कमाल म्हणणार उत्तर टोक ७०. खरं तर ध्रुवच आत आहे. तिथे उत्तर ९० आणि रेखांश सगळेच्या सगळे. हा अपवाद हातानेच लिहावा लागेल. अंटार्क्टिकालाही तेच, फक्त खालून.

दुसरं, गटांच्या मोजणीवाल्यांसाठी. मुलाने दाखवलं, की पोस्टजीआयएसचा इंडेक्स चौकटी कमी अचूकतेच्या आकड्यांत ठेवतो, आणि गोल करताना बाहेरच्या बाजूला करतो. ७३.८ रेखांशावर अशा दोन लगतच्या आकड्यांत ८० सेंटिमीटर अंतर पडतं. म्हणजे मधे हातभर बोळ असलेले दोन प्लॉट नुसत्या दुहेरी अँपरसँडला (फक्त चौकटी ताडून बघणारी खूण) चिकटलेले दिसू शकतात. बांधावरून डोकी फुटतात आमच्याकडे. एसटी_इंटरसेक्ट्सशिवाय निकाल देऊ नका.

---

चौकटबाह्य · गुरुवार, संध्याकाळी ६:०५

झालं एकदाचं. धागा शोधत येणाऱ्यांसाठी काय केलं ते लिहिते.

पट्टे आधी जॉमेट्रीत सेगमेंटाइझ केले, मग जिऑग्रफी. चौकटीचे रेखांश पंगतीच्या पद्धतीने. 'पूर्व' हा कॉलमच काढून टाकला. 'पश्चिम' आणि 'रुंदी' ठेवले. पश्चिम पूर्वेपेक्षा मोठा चालतो की नाही ही भानगडच संपली, आणि टेबलावर कुणीतरी पूर्वी लावून ठेवलेला 'पश्चिम < पूर्व' हा नियम जाता जाता गेला. अंटार्क्टिका हाताने भरला. इशाऱ्यांसाठी तुकड्यांचं वेगळं टेबल, चौकट फक्त चाळणीपुरती.

बाईंना फोन करून सांगितलं, आता कुठलाही देश निवडा. त्यांनी किरिबाती निवडलं.

चौकट अगदी बरोबर आली : १६९.५ पासून पुढे ४० अंश. जमीन सगळी मिळून आठशेएक चौरस किलोमीटर, ती एवढ्या समुद्रात तिळासारखी विखुरलेली. बाई म्हणाल्या, "अहो मॅडम, नकाशा निळा पडलाय. काहीच दिसत नाहीये."

---

मधली_सुट्टी · गुरुवार, संध्याकाळी ६:११

त्यांना म्हणावं, तोच किरिबाती आहे.

---

पापलेट_फ्राय · गुरुवार, संध्याकाळी ६:२०

दाखवण्यासाठी राजधानी असलेला तुकडा घ्या, तारावा. एसटी_डंप आहेच हाताशी.